काळूने रोट खाल्ले त्याबद्दल

तालुका शिंदखेडे
श्रावण वद्य एकादशी

तीर्थस्वरूप नाना यांस धाकट्या केसरचा वाकून नमस्कार.

काळूचा पाय मोडल्याचं माझं दोन ओळींचं कार्ड मिळून तुम्ही धाडलेलं पार्सल काल पोचलं. त्यात निघालं ते असं: जखमेवरची पिवळी पावडर एक डबी, कापूस एक बंडल, बिस्किटांचे पुडे चार (काळूसाठी, असं तुमच्याच अक्षरात), बहिणीसाठी काही नाही. तिकिटं कमी लावलीत म्हणून पोस्टमनने दंडासकट तीन रुपये साठ पैसे माझ्याकडून घेतले. आईचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला थांबला का? हे मनापासून विचारते आहे, राग फक्त तुमच्यावर आहे.

जळगावच्या नव्या घरमालकाला कुत्रा चालत नाही, म्हणून "चार दिवस सांभाळ" म्हणत तुम्ही काळूला इथे सोडलंत, ते आषाढात. सांभाळला. पण कानबाईच्या विसर्जनाच्या सोमवारी आम्ही देवीला नदीवर पोचवून परत येतो तो हा स्वयंपाकघरात, रोटांच्या परातीत तोंड घालून! देवीच्या प्रसादाचे रोट भाऊबंदकीबाहेर कोणाला देत नाहीत. मी पोटची लेक, पण लग्न झाल्यापासून मला माहेरचे रोट नाहीत, आणि माहेरच्या कुत्र्याने सासरचे खाल्ले. त्याच संध्याकाळी नदी आणि नाला दोन्हीकडून चढले आणि गावाचं बेट झालं. झालं! चिंधाआबा (सासऱ्यांचे चुलतभाऊ, भाऊबंदकीत थोरले) ओट्यावरून ओरडले, "बाहेरना तोंडले रोट लागनात, म्हनीसनी पूर उना!" म्हणजे पूर माझ्या माहेराने आणला. इतकी वर्षं सोमवार केले, एकादश्या केल्या, त्याचं हे फळ.

सकाळी गोठ्याची भिंत खचली आणि काळूचा पुढचा पाय तिच्याखाली सापडला. हाड दिसत होतं. मी डबाभर हळद दाबून बांधली (हळदीचा भाव तुम्हाला ठाऊक नसेल), तरी रक्त थांबेना. गुरांचा दवाखाना पाण्यापलीकडे. दुपारी होडी आली. तलाठी म्हणाले, आजारी माणूस आणि त्याच्या घरचं एक जण, बस्स. त्यांचंही रास्त होतं, तरी मी त्यांना बोलले. सासूबाईंना ताप होता, म्हणून त्यांच्याबरोबर "हे" जायचे ठरले. हे धुतलेला सदरा घालून काठावर तयार. तेवढ्यात सासूबाई काळूला लुगड्यात गुंडाळून होडीत जाऊन बसल्या आणि त्याच्यावर हात ठेवून म्हणाल्या, "घरनं एकच ना? मंग हाऊ."

आबा म्हणाले, "वहिनी, कुत्रं शे ते!"

"रोट खायेल शे यानी. मंग भाऊबंद शे. आनि भाऊबंदनी रोट खादात ते पूर कसा काय उना, आबा?"

तलाठ्यांनी नावाड्याला खूण केली. होडी सुटली आणि हे सदऱ्यासकट काठावर राहिले.

डॉक्टरांनी हाड बसवून बांबूच्या कामट्या बांधल्या. सासूबाईंचं गोळ्यांवर भागलं, याला इंजेक्शनं लागली. आता तो त्यांच्या खाटेवर लोळतो आणि मी वाकून ताट त्याच्यापुढे सरकवते. ही सेवा माझ्याच्याने होणार नाही. तरी अमावास्येच्या आत येऊन आपलं जनावर घेऊन जावं.

आपली आज्ञाधारक,
केसर

ता. क. वरचं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "भाऊबंदले कसाले धाडस व?" म्हणजे धाडायचा नाही. मी त्यांच्या शब्दाबाहेर नाही. म्हणून तुम्ही या, पण साखळी आणू नका. आणि नव्या घरमालकाचं मन बदललं असेल तर ते मला कळवू नका.

आणखी ता. क. आमच्यात घरातल्या पुरुषामागे सव्वा शेर गहू रोटांसाठी मोजतात. पुढच्या वर्षी काळूचं माप धरावं लागणार. मुक्या जिवाचं सव्वा शेरच धरायचं की निम्म्यात भागतं, ते आईला विचारून उलट टपाली कळवावं. गहू मी आत्ताच वेगळे काढून ठेवते आहे.