बारा महागुरूंचं कॅल्शियम

चिअंगमाई, १० मे

ती. आईस,
दाराणीचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुझी लेक जिंकली बघ! देहदान केलेल्यांच्या, म्हणजे आम्ही विद्यार्थी ज्यांना महागुरू म्हणतो त्यांच्या, मेंदूचे तुकडे वाळवायचे, आम्लात विरघळवायचे, खनिजं मोजायची, यात दोन वर्षं गेली. बारा बायका, बारा पुरुष. काल आकडे आले. पुरुषांच्या मेंदूत कॅल्शियम बायकांच्या तिप्पट!

माझे मार्गदर्शक सोंबूनसर यांच्या कपाळाला मात्र आठ्या. म्हणाले, माणसामाणसांत एवढा फरक नसतो, कुठेतरी घाण मिसळलीय. सोमवारी समितीपुढे उभं राहायचंय. तिथे चूक निघाली तर पदवी गेलीच. पण माझ्या हातून चूक होईलच कशी? त्या बारांत बाबा आहेत. त्यांचा क्रमांक मलाही सांगत नाहीत, म्हणून प्रत्येक ताटलीला आधी नमस्कार करते, मग हात लावते.

प्रकृतीला जप, माया असू दे.
तुझी दाराणी

लांफून, १२ मे

चि. दाराणीस,
उदंड आशीर्वाद.

तुझा आकडा मी बाजारभर सांगून आले. घरी जेवायला बसले आणि एक गोष्ट आठवली, ताट तसंच सोडून उठले.

सोंगक्रानला मी तुझ्याकडे आले होते ना? तू हार आणायला गेलीस, तेव्हा शिपायाने मला तुमच्या ताटल्यांची खोली उघडून दिली. नव्या वर्षाला थोरांच्या हातावर पाणी घालायचं, मग तुझ्या बाबांनाच का वगळायचं? पुरुषांच्या ताटल्या कोणत्या ते विचारलं. त्यातले हे कोणते, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. म्हणून बाराही ताटल्यांत दोन-दोन थेंब घातले. सुगंधी पाण्यात सणाला गालांना फासतो ती नेहमीची पांढरी माती कालवली होती. आज शेजारच्या मास्तरांना विचारलं, तर म्हणाले, ती माती म्हणजे कॅल्शियमच.

मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण सोमवारच्या आत सरांना खरं सांग. लपवू नकोस, पोरी.

तुझी वेडी आई,
बुआखाम

चिअंगमाई, ६ जून

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी तुझा भयंकर राग आला, मग रडले, मग तेच पत्र सरांपुढे ठेवलं. त्यांनी तीन आठवडे मागून घेतले. त्याच चोवीस जणांच्या सीलबंद बरण्या उघडल्या, नवे तुकडे काढले, झाकून वाळवले. पुरुषांचा आकडा धाडकन खाली आला आणि बायकांचा निघाला त्यांच्या दीडपट! सरांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतः पुन्हा मोजलं, तरी तेच.

समितीने विचारलं, पहिली चूक पकडली कुणी? मी ताठ उभी राहिले आणि सांगितलं, माझ्या आईने, ती लांफूनच्या बाजारात मिरचीचा ठेचा विकते. कुणी हसलं नाही. सर म्हणाले, प्रबंधात त्यांचं नाव घाला. घातलंय. पदवी मिळाली, आई!

आशीर्वाद असावा.
तुझी दाराणी

लांफून, ९ जून

चि. डॉक्टर दाराणीस,
अनेकोत्तम आशीर्वाद.

मास्तरांनी तुझं पत्र बाजारात तीनदा मोठ्याने वाचलं. माझं नाव आलं तेव्हा मला रडू आवरेना. ठेचा दुपारीच संपला.

तुझे बाबा जन्मभर मला म्हणायचे, बायकांच्या डोक्यात असतं काय? घ्या, दीडपट असतं! आणि हे सिद्ध करायला स्वतःचंच डोकं देऊन गेले.

सुखी राहा.
तुझी आई