पाण्याला गेलेला पाय

मु. डिंगोरे, ता. जुन्नर
पौष महिना, सन १९५३

श्रीयुत राजमहंमदभाऊ कल्हईवाले, मु. मंचर, ता. आंबेगाव, यांस डिंगोऱ्याहून रखमाजीचा रामराम आणि सलाम. (दोन्ही घ्यावेत. पलटणीतही आपण दोन्ही घेत होतो.) बिबिजानवहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. वहिनींच्या छातीत धूर बसतो असं मागे कानावर आलं होतं. कल्हईची भट्टी दारापुढं असली की असं व्हायचंच, ती जरा वाऱ्याच्या बाजूला हलवावी. इकडे सर्व क्षेम. आई ठणठणीत आहे, आणि पुढं जे सांगणार आहे ते सगळं तिच्या ठणठणीतपणामुळंच झालेलं आहे. लढाईवरून आल्यावर तुम्ही जुन्नर सोडून मंचर धरलंत, त्याला बरीच वर्षं झाली. मधे मी दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. टपालखात्याची चूक असणार असं मी मनाशी धरलं आहे, तुम्हीही तसंच धरावं.

माझा उजवा गुडघा तुम्हाला ठाऊक आहे. इटलीत त्यात सुरुंगाचे तुकडे शिरले, ते तिथंच वस्तीला राहिले. पाय वाकत नाही. पंगतीत मी पाय सरळ सोडून बसलो की समोरचा माणूस आपलं पान मागं सरकवतो. नांगर धरता येत नाही, भाताच्या खाचरात उतरता येत नाही. धाकट्या भावाच्या, भगवंताच्या जिवावर भाकरी खातो. भावजय एका शब्दानं बोलत नाही, आणि तेच जास्त लागतं. म्हणून पेन्शनचा अर्ज केला. सरकारचं म्हणणं असं की, पाय अधू आहे हे आधी सिद्ध करा, आणि मग तो लढाईतच अधू झाला हे सिद्ध करा. मला वाटलं, पाय दाखवला की काम झालं. (पलटणीत एवढी वर्षं काढून मी इतका भोळा कसा राहिलो, याचं माझं मलाच नवल वाटतं.)

मार्गशीर्षात पुण्याहून एक चौकशी कारकून गावात आला. अंगात कोट, काखेत छत्री, पायात बूट. अर्जदार सोंग करतो की काय हे हळूच बघून यायचा त्याला हुकूम होता, म्हणून आपण कोण, कुठले, हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. पाराजवळ चहा घेत बसला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारू लागला, रखमाजी माणूस कसा आहे, हिंडतो-फिरतो का, अंगात काही व्यंग आहे का. आता भाऊ, तुम्हीच सांगा. कोटातला परका माणूस गावात येतो, आपलं काम सांगत नाही आणि बिनलग्नाच्या पुरुषाचे हातपाय धड आहेत का ते विचारतो, तेव्हा तो कशाला आलेला असतो? मुलीकडचा माणूस चौकशीला येतो तो असाच येतो. आणि गावातल्या कोणाचीही सोयरीक मोडायचं पाप आमच्याकडं कोणी माथ्यावर घेत नाही. तिशी उलटली तरी रखमाजीला मुलगी मिळेना, आणि आज देवानंच स्थळ धाडलं, म्हणून अवघा पार कामाला लागला.

गेणभाऊ म्हणाले, "पावणं, रखमाजी म्हंजी खोंड हाय खोंड. सकाळी चालत जुन्नरला जातो आन् दुपारच्या भाकरीला माघारी." हे तेच गेणभाऊ, जे मला ओढ्यातून हाताला धरून पलीकडं नेतात. ठकूबाई पाण्याची घागर घेऊन चालली होती, ती कोणी न विचारताच थांबली. कारकुनानं 'तो काठी घेऊन चालतो म्हणे' असं विचारलं तर म्हणाली, "काठी व्हय? ती सापाकिरडाला." शेवटी गावानं त्याला आमच्या घरी आणून सोडलं. मी त्या दिवशी बाजाराला गेलो होतो, तोही भगवंताच्या गाडीत बसून. आईनं गूळपाणी दिलं, शिरा केला, शेजारून मागून आणलेलं तूप वर सोडलं. त्यानं विचारलं, लढाईत काही दुखापत? चिमाबाई माझी आई, पण त्या दिवशी ती दुष्मनाच्या बाजूनं लढली. म्हणाली, "माझ्या लेकाच्या अंगात काटासुदीक शिरला न्हाई. जसा गेला तसाच आला. गोळीनं वळखलंच न्हाई त्याला." कारकून सगळं लिहून घेत होता. आईला वाटलं, मुलीच्या बापाला दाखवायला लिहितोय, म्हणून तिनं आणि ठकूबाईनं आपणहून अंगठे उठवले. जाताना त्याला पानसुपारी दिली.

जुन्नरच्या कचेरीत मला बोलावणं आलं तेव्हा साहेबानं कारकुनाचं हे टिपण मोठ्यानं वाचून दाखवलं. मी काठीवर भार देऊन समोर उभा. साहेबानं कागद पाहिला, काठी पाहिली, पुन्हा कागद पाहिला. म्हणाला, "अंगठे दोन आहेत आणि पाय एकच." (तुमच्या भाऊबंदांनी जुन्नरात पिढ्यान् पिढ्या हातानं कागद बनवायचा धंदा केला. तो एवढा मजबूत का केला म्हणून त्या वेळी मनात तुमच्या अख्ख्या आळीला शिव्या दिल्या, त्या माफ असाव्यात.) माणूस मात्र अगदीच वाईट नसावा, कारण त्यानं मला खुर्ची दिली. बसताना पाय त्याच्या टेबलाला आडवा गेला आणि दौत सांडली. तेव्हा तो जरा नरमला आणि म्हणाला, पाय अधू आहे असं धरून चालू, पण गुडघा फुटला त्या दिवशी चकमक झाल्याची नोंद नाही. तुम्ही डोंगराखाली ओढ्यावर पाण्याला गेला होता. पाण्याला जाणं म्हणजे लढाई नव्हे. मी म्हटलं, साहेब, सुरुंग दुष्मनानं पुरला होता, त्याला कोण पाण्याला आलं आणि कोण लढाईला आलं हे कसं कळणार? तो म्हणाला, पलटणीचं पाणी सकाळीच खेचरांवर आलेलं होतं, मग हे पाणी कोणासाठी? मी म्हटलं, तहान लागली होती. (कोणाला, ते सांगितलं नाही. तुम्हाला माहीत आहे.) त्यानं लिहिलं, 'स्वतःच्या मर्जीने गेला असता अपघात.' भाऊ, गुडघा फुटला तेव्हा मी ओरडलो नव्हतो असं पलटणीतले लोक म्हणायचे. त्या दिवशी कचेरीत ओरडावंसं वाटलं.

घरी येऊन आईला म्हटलं, चल, साहेबापुढं खरं काय ते सांग. आई म्हणाली, "सरकारी कागदावर पोरगा लंगडा म्हणून लिहून देऊ? मग तुला मुलगी कोण देईल?" मी म्हटलं, अगं तो स्थळाचा माणूस नव्हताच. ती म्हणाली, "ह्यो नव्हता, म्हणून दुसरा येनार न्हाई का?" आणि गावाचं म्हणणं असं की, चिमाबाई बदलली तर आम्ही बदलू, लग्न जमेपर्यंत पाय धड. यात कोणाला दोष देऊ? सगळे माझ्या भल्यासाठीच माझ्यावर उठले आहेत.

असो. मन मोकळं करावं म्हणून लिहिलं. तुमच्याकडं मागणं काही नाही. वहिनींना औषध वेळेवर द्यावं. लोभ आहेच, तो उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखा वर दिसत नाही इतकंच.

आपला,
रखमाजी

ता. क. मागणं काही नाही असं वर लिहिलं, ते खोडलं तर कागद घाण दिसेल म्हणून राहू दिलं आहे. साहेबानं शेवटची एक तारीख दिली आहे, संक्रांतीनंतरचा पहिला बाजार. त्या दिवशी खंदकात हजर असलेला साक्षीदार आणा म्हणाला. ज्यांनी आम्हाला 'जा, पाणी आणा' म्हणून सांगितलं ते सुभेदारसाहेब त्यानंतर आठवड्याभरातच लढाईत पडले. आता राहिलात एक तुम्ही. मांडीत गोळी घेऊन तुम्ही तापानं पडला होतात आणि पाणी मागत होतात, एवढंच सांगायचं आहे. मंचरहून जुन्नरला एसटी येते.

दुसरा ता. क. माझ्या पायाचं काही का होईना. पण माझ्याबरोबर भिकाही गेला होता, आणि तो परत आला नाही. इथं डिंगोऱ्यात त्याच्या आईच्या, प्रयागबाईच्या कागदावरही हेच लिहिलं आहे, 'पाण्यास गेला असता अपघात'. माझा पाय लढाईतला ठरला तर भिकाही लढाईतला ठरेल. म्हातारी तो कागद वाचून घ्यायला मास्तरांकडं पुन्हा पुन्हा जाते. मजकूर बदलला असेल असं तिला वाटतं.

तिसरा ता. क. राजू, वर सगळीकडं 'तुम्ही' लिहिलं कारण भीती वाटत होती. तुझ्या तहानेपायी भिका गेला हे मनात धरून तू मंचरला गेलास आणि पत्राला उत्तर देत नाहीस, ते मला कळतं. पुढं तुला शुद्ध नव्हती म्हणून तुला माहीत नाही. सुरुंग उडाला तरी पाण्याची बाटली फुटली नव्हती. मी सरपटत वर आलो आणि ते पाणी तुझ्या तोंडात मीच घातलं. हे मी प्रयागबाईला कधीच सांगून टाकलं आहे, तुझ्या नावासकट. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "प्याला व्हय त्यो? मग माझ्या लेकाचं काम पुरं झालं." भिकाची जेवायची पितळी तिनं अजून ठेवली आहे. कल्हई उडाली आहे, पण दारावर आलेल्या कोणा कल्हईवाल्याला ती हात लावू देत नाही. म्हणते, "त्या राजूला म्हनावं, तूच ये. कल्हई कर आन् त्यातच जेव."

साहेबापुढं यायला जमलं नाही तरी चालेल. कल्हईचं सामान घेऊन तिच्याकडं ये, आणि उपाशी ये.