‘नगं’ला रकाना नव्हता

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी आज तुमच्यावर चिडले आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण दुसरं कुणावर चिडू तेही सुचत नाही.

भोरच्या कॉलेजातला तुमचा मानसशास्त्राचा पहिला तास. घंटा वाजली की लाळ गाळणाऱ्या कुत्र्याची गोष्ट सांगून तुम्ही विचारलंत, कळलं का? मी उभी राहून म्हणाले, "न्हाई सर." वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. शांतपणे माझ्याकडून "नाही" म्हणवून घेतलंत, तीनदा, आणि तिसऱ्यांदा नीट आलं तेव्हा खिशातून लिमलेटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवलीत. "याला म्हणतात प्रबलन," म्हणालात. केवढा अभिमान वाटला होता मला. त्या रविवारी वेल्ह्याला घरी गेले ती आईचं बोलणं दुरुस्त करतच.

आता मी भोरमध्येच न बोलणाऱ्या मुलांना शिकवते. कामाचं नाव भारदस्त आहे, उपयोजित वर्तन विश्लेषण, पण मुळाशी तुमचीच गोळी. त्या कुत्र्यामागून दाण्यासाठी कळ दाबणारे उंदीर आले आणि त्यातूनच पुढे मुलांसाठी ही रीत निघाली: काम बारीक तुकड्यांत तोडायचं, जमलं की लगेच बक्षीस, आणि दिसेल तेवढंच कागदावर लिहायचं. रीत खोटी नाही. हिच्यामुळेच एक मुलगी स्वतःची बटणं लावायला शिकली, तेव्हा तिचे वडील माझ्यासमोर रडले होते.

गेल्या वर्षी वेल्ह्याकडची सात वर्षांची मुलगी आली. स्वमग्न, एकही शब्द नाही, असं तिच्या फायलीत होतं. तिला ‘नको’ म्हणायला शिकवायचं ठरलं. तिला न आवडणारा कंगवा केसांजवळ न्यायचा. ‘नको’ म्हणाली की कंगवा मागे आणि वर चार फुटाणे. दोन महिने ती डोकं मागे घेऊन काहीतरी पुटपुटायची, मी कागदावर फुली मारायची आणि कंगवा फिरवायची. मग पुटपुटणं थांबलं. ती मुकाट्याने डोकं पुढे करायला लागली. मी लिहिलं, प्रतिकार कमी, प्रगती चांगली.

परवा तिच्या आईने फाईल चाळताना विचारलं, एवढ्या फुल्या कशाच्या? ‘नको’ म्हणाली नाही त्याच्या, मी सांगितलं. तिने फाईल मिटून खाली ठेवली.

"मॅडम, ती रोज नगं म्हणत हुती की. मला वाटलं, तुमी हितल्याच, तुमाला कळत आसंल."

नगं. माझ्या आईच्या तोंडचा शब्द, सर. आता मुलाचा नकार आधी ऐका, असं आमच्या कामातलेच कितीतरी जण सांगतात. तुमच्या तासाला उतरवून घेतलेल्या माझ्या वहीत ते नव्हतं, आणि मी ती वही सोडली नाही. आज मी कंगवा टेबलावर ठेवला, "नगं?" असं विचारलं आणि थांबले. तिने डोकं पुढे केलं. इतकी संतापले मी, की कंगवा कपाटात कोंबून कुलूप लावलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तिच्या आईला मी सांगितलं, मला तो शब्द ऐकूच आला नाही. तुम्हालाही तेच लिहिणार होते. पण ऐकू आला होता, सर, पहिल्याच दिवशी. मला वाटलं, आधी नीट म्हणू दे.