चिकूची चव

गुरुवार, संध्याकाळ

आज पुन्हा चिकू खाऊन पाहिला. चव नाही. आमच्याच वाडीतला, चांगला मऊ पिकलेला. नवऱ्याला, नितीनला विचारलं, "गोड आहे का रे?" म्हणाला, "साखर आहे नुसती." म्हणजे चिकूत खोट नाही.

मागच्या वेळी आजारपण असंच सुरू झालं होतं. आधी तोंडाची चव गेली, मग झोप, मग माणसंच नकोशी झाली. डिप्रेशनच्या गोळीनं सगळं हळूहळू परत आलं. आता वाणगावच्या दुकानात ती गोळी मिळेना म्हणून जेनेरिक घेतली. दुकानदार म्हणाला, "ताई, कंपनी वेगळी, औषध तेच." डहाणूच्या डॉक्टरांना फोन केला, तेही तेच म्हणाले. वर, सोमवारी येऊन जा म्हणाले. औषध तेच, तर मग चिकू मातीसारखा का लागतो? की गोळी बदलल्यापासून मीच जिभेवर पहारा ठेवून बसलेय?

सासूबाईंसमोर दोन फोडी गिळल्या, "छान आहे" म्हटलं. त्यांना बरं वाटलं.

मग नितीन हळूच म्हणाला, "बोईसरला बघतो, जुनीच गोळी आणू का?" मी एकदम ओरडलेच त्याच्यावर, नको म्हणून. महाग पडेल म्हणून नको म्हणतेय असं वाटलं असणार त्याला. वाटू दे. आत्ता निदान या नव्या गोळीला शिव्या घालता येतात. जुनी सुरू केली आणि तरीही चिकू गोड लागला नाही, तर मग शिव्या कुणाला घालू?