सत्तावीस घागरी

आंजी (मोठी), २२ एप्रिल १९७३
तोफखान्यातून सुटलो आणि थेट पोस्टमास्तरच्या खुर्चीत! आनंदाबाईंच्या घरी ओसरीलगतची खोली मिळाली. ऊन असं की दौतीतली शाई वाळावी, पण माठाचं पाणी गार, वाळ्याच्या वासाचं. बाईंची नात नलू सहा वर्षांची. माझ्या मिशांना घाबरायचं सोडून ओढून बघते. एकूण स्वारी खूश आहे.

२५ एप्रिल
शाळेचे रूपराव गुरुजी रोज पोस्टात येतात. पत्र एखादं, वाद ढीगभर. आज एकाहत्तरची लढाई निघाली. नदीतली नाव मीच दुर्बिणीतून हेरली आणि तोफांना ठिकाण दिलं, असं मी जरा फुशारकीनेच सांगितलं. शत्रूचे नऊ सैनिक होते. गुरुजींनी विचारलं, नावेत आणखी कोण होतं? होते, पळून चाललेले गावकरी. पण ते नऊजण पार झाले असते तर आमची अख्खी तुकडी कापली गेली असती. युद्धात प्रमाण बघावं लागतं, असं मी ऐकवलं. त्यावर त्यांनी प्रमाणाची दुसरी बाजू किती होती ते विचारलं. अहवालात मी ‘नागरी हानी नाही’ असं लिहिलं होतं. तेच सांगितलं. गुरुजी चहा न घेताच गेले.

२८ एप्रिल
चिंधू कुंभार आला होता. अक्षय तृतीयेला इथे घरच्या प्रत्येक मृतासाठी एक घागर भरून ठेवतात. ज्याची त्याची वेगळी, सामाईक चालत नाही. बाईंनी तीन सांगितल्या. मला विचारलं तर म्हटलं, आईवडील ठणठणीत आहेत, माझं कोणी नाही. तो माझ्या मागे, ओसरीकडे बघत राहिला. “मंग बाबूजी, हे इतके लोक कोनाचे बसून राह्यले?”
ओसरी रिकामी होती. ऊन लागलं असणार बिचाऱ्याला.

३० एप्रिल
माठ सकाळी भरला, दुपारी कोरडा. गळका नाही. फरशीवर राखाडी गाळ. इथली माती काळीभोर. हा गाळ कुठल्या नदीचा ते मला माहीत आहे. पुसून टाकला.

१ मे
नलू तांब्यामागून तांब्या पिते, तहान जात नाही. ओठ फुटलेत. वर्ध्याच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, उपयोग शून्य. ओसरीवरची माणसं ओली आहेत म्हणते. “त्याहिले कोनी पानी देत नाई, म्हून ते माह्यं पितात.”

३ मे
आनंदाबाईंनी माझे पाय धरले. ज्याला कोणी आपला म्हणत नाही तो मेलेला माणूस घरातल्या लेकराच्या तोंडचं पाणी पितो, म्हणाल्या. चिंधूने त्यांना सगळं सांगितलंय. त्यांना फक्त घागरींसाठी आकडा हवा आहे.
मला माहीत नाही हो! सैनिक दोनदा मोजले होते. बाकीचे मोजलेच नाहीत —

४ मे
डोळे मिटले की दुर्बीण. दोन वल्हेवाले. टोपली घेतलेला म्हातारा. एकीच्या कडेवर पोर. आणखी — आणखी — नऊ सैनिक धरून सत्तावीस. तहान त्यांनाही असेलच.
चिंधूकडून सत्तावीस आणल्या.

५ मे, अक्षय तृतीया, सकाळ
भरल्या. एकेकीवर हात ठेवून म्हटलं, तू होतास. तू होतीस. गाळ वाळला. नलू घोटभर पाणी प्यायली आणि शांत झोपली. बाई रडल्या. मीही रडलो.

५ मे, दुपार
पुन्हा. नलूची जीभ — बघवत नाही. गाळ आता एकाच जागी, उंबऱ्याशी. पावलाचा ठसा एवढासा, माझ्या अंगठ्याएवढा —
कोण राहिलं? चिंधूची भट्टी थंड, घागर एकही उरलेली नाही. बाई दार ठोठावताहेत —
पुन्हा मोजतो. वल्हेवाले. म्हातारा. कडेवरचं पोर. नावेच्या टोकाला ती, हिरव्या लुगड्याची. दोन्ही हात पोटाखाली धरून उभी. दिवस भरत आलेले. दिसत होतं. मला दुर्बिणीतून स्वच्छ दिसत होतं, आणि मी तिला एकच —