असा एक प्रसंग सांगा

४ मार्च, सोमवार

अखेर नोटीस लागली. लिफ्ट दुरुस्तीच्या आमच्या कंपनीत सुट्या भागांच्या स्टोअरला ‘कायम’ प्रमुख नेमणार. इंटरव्ह्यू २० तारखेला. सहा वर्षं मी प्रभारी प्रमुख आहे. टेबलावरच्या पाटीवर ‘प्रभारी’ हा शब्द आहे, पण त्याच्यापुढे मी पेनस्टँड ठेवतो.

निवड झाली नाही तर परत काउंटरवर, असं नोटिशीत शेवटी बारीक अक्षरात आहे. ते माझ्यासाठी नाही. कायद्याने लिहावं लागत असेल.

दुसरा अर्ज एकच, काउंटरवरच्या मौनीचा. हसू आलं. हा माणूस दिवसात चार शब्द बोलतो, त्यातले दोन ‘हो साहेब’.

आईला काही सांगायचा प्रश्न नाही. तिला मी सहा वर्षांपूर्वीच प्रमुख झालो असं सांगितलंय. ‘प्रभारी’ सांगायचं राहून गेलं, आणि मग तिने सगळ्या नातेवाइकांना फोन केले. आता ते फक्त खरं करायचं बाकी आहे.

५ मार्च, मंगळवार

मेव्हणा एका मोठ्या कंपनीत एचआरला आहे. त्याने चाळीस प्रश्न पाठवले. ‘बिहेवियरल’ म्हणे. सगळे ‘असा एक प्रसंग सांगा, जेव्हा तुम्ही...’ असे सुरू होतात. उत्तराचे चार भाग: परिस्थिती, काम, कृती, निकाल. प्रत्येक प्रश्नाला खरा प्रसंग हवा. सोपं आहे. सतरा वर्षं नोकरी झाली, प्रसंगांना काय तोटा?

रात्रीच्या जेवणापर्यंत आठवले: एक. स्टोअरमधला पंखा पडला होता तो. त्या दिवशी मी रजेवर होतो.

ही म्हणाली, की आपल्यावर प्रसंग येऊ नये म्हणून तुम्ही जन्मभर जपलंत, आता कुठून आणणार?

७ मार्च, गुरुवार

मुलीला इंटरव्ह्यू घ्यायला बसवलं. कॉलेजात जाते, इंग्रजी चांगलं आहे. तिने विचारलं, की सहकाऱ्याशी मतभेद झाल्याचा प्रसंग सांगा. मी कँटीनमधल्या खुर्च्यांवरून दोन मेकॅनिक भांडले तो सांगितला. छान रंगवला. ती म्हणाली, बाबा, यात तुम्ही काय केलंत?

मी म्हटलं, मी शांत राहिलो.

तिने कागदावर शून्य लिहिलं. दुसरा प्रसंग. परत तेच, बाबा, यात तुम्ही काय केलंत? अकरा प्रसंग झाले. शेवटी शेवटी ती प्रश्नच न विचारता नुसती शून्यं काढत होती. आजकालच्या मुलांना संयमाची किंमत नाही.

निश्चय: प्रसंग नसतील तर घडवायचे. तेरा दिवस आहेत. उद्यापासून हात धुवून मागे लागायचं.

८ मार्च, शुक्रवार

प्रश्न ७, मतभेद. सकाळी ११.१० ला मौनीवर ओरडलो. कारण आधीच ठरवून ठेवलं होतं: दरवाज्याच्या रोलरचं खोकं वाकडं ठेवलंय. त्याने खोक्याकडे पाहिलं, जरा हलवलं, आणि हो साहेब म्हणाला.

घोडं इथेच अडलं. मतभेदाला दोन मतं लागतात. ११.२० ला परत ओरडलो, की मला न विचारता खोकं हलवलंस कसं? त्याने ते होतं तिथे नेऊन ठेवलं. हो साहेब.

११.३० ला टेबलावर चहा आला. मौनीने पाठवलेला. पश्चात्ताप झाला असणार.

कार्डावर लिहिलं: ‘परिस्थिती: तीव्र मतभेद. कृती: संवाद. निकाल: वीस मिनिटांत सलोखा.’ पहिलंच कार्ड झकास झालंय.

संध्याकाळी काउंटरच्या नोंदवहीवर सही केली. दिवसभरात जे घडलं ते काउंटरवाल्याने त्या निळ्या वहीत लिहायचं आणि प्रमुखाने वाचून खाली सही करायची, असा आमच्याकडे नियम आहे. मी सहा वर्षं न चुकता सही करतोय. वाचत नाही. वाचलं तर त्याच्यावर विश्वास नाही असं होईल.

१० मार्च, रविवार

प्रश्न १२, ‘तुम्ही स्वतःहून घडवून आणलेला बदल’. एकट्याने जाऊन अख्खं स्टोअर फिरवलं! वीस वर्षं सामान आपलं सवयीने मांडलेलं, हे डावीकडून तिसरं, ते कमरेच्या उंचीला. आता सगळं कॅटलॉगमधल्या इंग्रजी नावांप्रमाणे, ए टू झेड. नऊ तास लागले. पाठ गेली कामातून.

आईचा फोन आला. म्हणाली, रविवारीसुद्धा काम? प्रमुख माणसाला सुट्टी कुठली म्हणा. मी हो म्हटलं.

११ मार्च, सोमवार

थोडा गोंधळ. मेकॅनिक लोकांना कॅटलॉगमधली नावं ठाऊक नाहीत. दरवाज्याच्या लॉकमधल्या स्विचला ते टिचकी म्हणतात, आणि टिचकी मी ‘आय’मध्ये ठेवलीय, ‘इंटरलॉक’ म्हणून. साडेनऊला काउंटरपासून जिन्यापर्यंत रांग. मिशाळ मेकॅनिक पंचवीस मिनिटं उभा होता. तो काय म्हणाला ते इथे लिहीत नाही. कार्डावरही लिहिता येणार नाही.

बदलाला सुरुवातीला विरोध होतोच. मेव्हण्याच्या कागदात आहे.

१२ मार्च, मंगळवार

रांग गायब! सगळे जण येतात, घेतात, जातात. एका दिवसात बदल पचला. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचं कौतुक वाटलं.

रॅकवर मात्र कुणीतरी खडूने कसलेतरी आकडे लिहून ठेवलेत. पुसायला सांगितलं. मौनी हो साहेब म्हणाला आणि पुसले नाहीत. सुंदर. मतभेदाचा जादा प्रसंग हाताशी राहील.

१४ मार्च, गुरुवार

आज संकट चालून आलं, आणि तेही फुकट.

सकाळी मी केबिनची कडी लावून प्रश्न १९ चा सराव करत होतो, ‘दबावाखाली तुम्ही कसे वागता’. मोठ्याने, हातवारे करून. फोन बाजूला काढून ठेवला होता. मध्ये तीन वेळा कुणीतरी दार वाजवलं. लक्ष विचलित होऊ दिलं नाही.

बारा वाजता बाहेर आलो तर कळलं, की एका दवाखान्याच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आत एक दातांचे डॉक्टर आणि त्यांचा पेशंट. डॉक्टरांपेक्षा पेशंट निवांत होता म्हणतात. टिचकी हवी होती. मौनीने ती शोधली, स्वतः स्कूटरवरून नेली, माणसं बाहेर काढली.

कार्ड: ‘परिस्थिती: आणीबाणी. कृती: मी शांत राहिलो व जबाबदारी सोपवली. निकाल: दोघे सुखरूप.’

मुलीला वाचून दाखवलं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात मी दिवा घालवून खोलीबाहेर पडलो.

१६ मार्च, शनिवार

प्रश्न ३१, ‘तुमचा एक दोष सांगा’. मला सुचेना, म्हणून हिला विचारलं. हिने पेन मागितलं. पाठपोट कागद भरला, मग हिची कामावर जायची वेळ झाली म्हणून थांबली.

त्यातलं काहीच उपयोगाचं नाही. ‘ओला टॉवेल’ पॅनेलपुढे कसा सांगणार? शेवटी ‘मी अति काटेकोर आहे’ हा दोष घेतला. मुलगी म्हणाली, तो सगळेच सांगतात. म्हणजे मान्यताप्राप्त आहे.

जाता जाता ही दारात थांबून म्हणाली, की तुम्ही काउंटरवर होता तेव्हा डोळे मिटून हव्या त्या वस्तूवर हात ठेवायचात. लांबलांबून मेकॅनिक तुमचं नाव घेत यायचे. घरी आलात की बोलत बसायचात. ते सांगा की त्यांना.

काउंटर! इंटरव्ह्यू चार दिवसांवर आला असताना बायको काउंटरची आठवण काढते. दुपारपर्यंत बोललो नाही. अर्थात दुपारपर्यंत ती घरातही नव्हती.

१९ मार्च, मंगळवार

चाळीस कार्डं तयार. रंगवार. आंघोळ करताना वीस प्रश्न पाठ म्हटले. शेजाऱ्यांनी भिंतीवर थापा मारल्या, त्यालाही न अडखळता उत्तर दिलं.

दुपारी मौनी आला. उद्या नोंदवही इंटरव्ह्यूला नेऊ का, असं विचारलं. चक्क पाच शब्द! बिचाऱ्याला हातात धरायला काहीतरी हवं असेल. मी मोठ्या मनाने परवानगी दिली, चिठ्ठीवर सहीसुद्धा केली.

२० मार्च, बुधवार

झाला. माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम इंटरव्ह्यू.

मौनीला दहाला बोलावलं. पन्नास मिनिटांनी बाहेर आला. त्याच्या तोंडून शब्द काढायला एवढा वेळ लागणारच. पॅनेलची दया आली.

मग मी. तीन जण: मोठे साहेब, मुख्य ऑफिसचे एक टक्कलवाले, आणि चष्मेवाल्या बाई. टेबलावर आपली निळी नोंदवही उघडी! पान पान माझ्या सहीचं. शुभशकुन.

मतभेद विचारले. मी खोकं सांगितलं. बाईंनी वहीची पानं चाळून विचारलं, आठ तारीख ना? मी थक्क. किती बारकाईने ऐकत होत्या!

बदल सांगितला. टक्कलवाल्यांनी विचारलं, खडूचे आकडे कुणाचे? मी म्हटलं, टीमचे. ‘मी’ऐवजी ‘टीम’ म्हटलं की छाप पडते.

संकट सांगितलं. मोठे साहेब म्हणाले, त्या वेळी तुम्ही नेमके कुठे होता? मी म्हटलं, केंद्रस्थानी. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

शेवटी बाईंनी वही माझ्याकडे फिरवून विचारलं, ज्याच्यावर सही करता ते वाचता का? हा प्रश्न चाळीसांत नव्हता, पण मी डगमगलो नाही. म्हटलं, सहा वर्षांत एकदाही वाचलं नाही, इतका माझा माझ्या माणसांवर विश्वास आहे. बाई बराच वेळ लिहीत होत्या.

येताना केक आणला. आईला फोन करावासा फार वाटला. पण सांगणार काय? तिच्या लेखी मी सहा वर्षांपूर्वीच झालोय.

२२ मार्च, शुक्रवार

मौनी.

२३ मार्च, शनिवार

वशिला असणार. पण वशिला लावायला तोंड उघडावं लागतं.

केक अजून निम्मा आहे. कुणी खात नाही. मुलगी जवळ येऊन बसली. मला वाटलं आता विचारेल, यात तुम्ही काय केलंत. विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२४ मार्च, रविवार

आईचा फोन वाजत होता. उचलला नाही.

२५ मार्च, सोमवार

काउंटर.

पाटी गेली, पेनस्टँड घेऊन आलो. आता त्याच्यामागे लपवायला काही नाही. मौनी मला साहेब म्हणतो, मीही त्याला साहेब म्हणतो. स्टोअरमध्ये दोन साहेब झालेत आणि रॅकवर अजून खडूचेच आकडे आहेत. ते प्रत्येक वस्तूच्या जुन्या जागेचे आकडे आहेत, हे मला आज कळलं.

सकाळी त्याने निळी वही माझ्या हातात दिली. आता मी लिहायचं. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मागची पानं उलटली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

‘८ मार्च. साहेब दोनदा ओरडले. खोकं सरळच होतं. घरी काही अडचण असावी. चहा पाठवला.’ खाली माझी सही.

‘१२ मार्च. जुने आकडे खडूने लिहिले, मेकॅनिकना सापडेना म्हणून. ही साहेबांचीच कल्पना असं सांगितलं, नाहीतर लोक त्यांना बोलले असते.’ माझी सही.

‘१४ मार्च. लिफ्टमध्ये दोन माणसं. तीनदा दार वाजवलं. साहेब आत कुणाशी तरी महत्त्वाचं बोलत होते. मी गेलो. चाळीस मिनिटं लागली. जुन्या जागी असती तर पस्तीस लागली असती.’ माझी सही. ठळक, दोन रेघा मारून.

माझे सगळे प्रसंग त्याच्याकडे होते. त्यात काय केलं, तेही होतं. प्रसंग मी पुरवले, केलं त्याने. वर त्याच्या खरेपणाला सही माझी.  पेनस्टँड उगाचच तीनदा सरळ केला.

पावणेबाराला मिशाळ आला. टिचकी म्हणाला. मी बोलत होतो कुणाशीतरी, आणि हात मागे गेला तो थेट टिचकीवरच. मौनीने ती परत जुन्या जागी ठेवली होती. मिशाळ माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, अरे, पूर्वी काउंटरवर होता ते तुम्हीच ना? कुठे होतात इतकी वर्षं?

पाच वाजता नोंद लिहिली: ‘आज विशेष काही घडलं नाही.’ वही केबिनमध्ये मौनीकडे नेली. वाटलं, सही करून परत देईल.

तो वाचू लागला. एक ओळ वाचायला किती वेळ लागतो? मग वही माझ्यापुढे सरकवून हळूच म्हणाला, साहेब, काहीतरी घडलं असेल ना.

तिथेच उभ्याने खोडून लिहिलं: ‘२५ मार्च. स्टोअरला कायम प्रमुख मिळाला. मी काउंटरवर आलो. पहिली टिचकी न बघता दिली. आईला खरं सांगायचं आहे, धीर होत नाही.’

त्याने शेवटपर्यंत वाचलं. खाली सही केली. फोन माझ्या बाजूला वळवून ठेवला आणि दार ओढून बाहेर गेला.

पाच वाजून दहा मिनिटांनी, मी आईचा नंबर फिरवत असताना, चहा आला.