बॉयलरवरचं कुंकू

बाबा, आज तुमच्या बोटीखाली ‘बनवणारा अज्ञात’ अशी पाटी वाचली आणि माझं डोकं फिरलं. लेकीला आजोबांचं काम दाखवायचं म्हणून डब्लिनहून मुद्दाम ड्राइव्ह करत नदीकाठच्या त्या म्युझियममध्ये गेले होते. दीडशे वर्षांपूर्वी अनोळखी नद्यांचे नकाशे काढत फिरणारी वाफेची बोट तुम्ही हुबेहूब छोटी करून बनवलीत, ती काचेआड तशीच आहे. उथळ पाण्यासाठी सपाट तळ, मागे वल्ह्यांचं चाक, मधोमध बॉयलर. आणि खाली लिहिलंय, बॉयलरवरचा लाल ठिपका बहुधा वाफेच्या दाबाची धोक्याची खूण असावी! दर खंडेनवमीला तुम्ही हत्यारांबरोबर तिलाही हळदकुंकू वाहायचात. धोक्याची खूण म्हणे! कुणाला विचारायला काय झालं होतं?

आपल्या बेसमेंटमधलं ते टेबल मला अजून दिसतं. मी दहा वर्षांची आहे, काड्यापेटीतल्या काड्या कापून डेकवर सरपण रचतेय. दुर्बीण लावलेला कप्तान मी आधीच चिकटवून टाकलाय. तुम्ही तो उपटून काढता. "आधी लाकूडतोडे," तुम्ही म्हणता. "रोज काठाला थांबून लाकडं तोडायची, गढूळ पाण्याचा गाळ बॉयलरमधून खरवडायचा, तेव्हा कुठे बोट पुढे सरकायची. नकाशावर नाव मात्र कप्तानाचं." जन्मभर कारखान्यातले बॉयलर सांभाळलेला माणूस बोलत होता, हे तेव्हा कळलं नाही. मी रडले होते.

म्हणून आज काउंटरवरच्या बाईंना मी चांगलंच फैलावर घेतलं. "माझे बाबा वर्षानुवर्षं दर शनिवारी इथे येऊन लोकांना ही बोट समजावून सांगायचे, आणि अज्ञात?"

"आय अ‍ॅम सो सॉरी, मॅम. जुना स्टाफ कोणी उरला नाही, रेकॉर्डमध्ये काहीच नाही."

"आई, प्लीज, काम डाउन," लेक कुजबुजली. मी कसली गप्प बसतेय!

खरं सांगू? तुम्ही गेल्यावर त्यांचा फॉर्म आला होता. बनवणाऱ्याचं नाव, माहिती, सगळं विचारलं होतं. शाळेत असताना माझ्या बास्केटबॉलच्या एकाही मॅचला तुम्ही आला नाहीत, सगळे शनिवार त्या बोटीने खाल्ले. तो फॉर्म मी फाडून टाकला. आज त्या बाईंनी तीनदा माफी मागितली, आणि मी ती मागू दिली.